चुन्यातला मका: प्राचीन माया घरातले तमाल कसे करावेत

तमाल म्हणजे मक्याच्या ओल्या पिठात सारण भरून, पानात बांधून वाफवलेला गोळा. मेक्सिको-ग्वातेमालाकडच्या माया लोकांच्या घराचा दिवस त्यासाठी आदल्या रात्रीच सुरू व्हायचा. मक्याचं भांडं चुलीवर चढलं आणि त्यात चुना पडला, की उद्याच्या जेवणाचं अर्धं काम झालं. मेक्सिकोतल्या युकातान द्वीपकल्पात राहिलेल्या दिएगो दे लांदा या स्पॅनिश पाद्रीनं १५६६च्या सुमारास हेच लिहून ठेवलं आहे: बायका मका रात्री चुना घातलेल्या पाण्यात भिजत घालतात, सकाळी तो मऊ आणि अर्धवट शिजलेला असतो, त्याची साल आणि टोक सुटून येतं, मग तो दगडावर वाटतात. ही रीत मेक्सिको आणि ग्वातेमालातल्या माया घरांत अजून चालू आहे, आणि ती नीट समजून घेतली तर कुणालाही करता येते.

करताना आजच्या तमालाच्या पाककृती मात्र बाजूला ठेवा. त्यांत डुकराची चरबी असते, बेकिंग पावडर असते, वर केळीचं पान असतं. डुक्कर आणि केळ दोन्ही स्पॅनिशांबरोबर आले. त्याआधीचा तमाल घट्ट, वजनदार आणि मक्याच्याच वासाचा होता. तो फुगला नाही म्हणजे बिघडला असं नाही, तो तसाच असतो.

टॉर्टिया, म्हणजे तव्यावर भाजलेली मक्याची पातळ भाकरी, का नाही, तमालच का? इ.स. २५० ते ९०० या अभिजात काळातल्या सखल प्रदेशातल्या माया वस्त्यांत टॉर्टिया भाजायचे मातीचे तवे फार क्वचित सापडतात. चित्रांतल्या ताटल्यांत दिसतात ते गोळे, आणि लेखांत त्यांचं नाव येतं ‘वाह’. कालाकमुल या प्राचीन माया शहरातल्या सातव्या शतकाच्या भित्तिचित्रांत एका आकृतीशेजारी ‘वाहवाला’ अशा अर्थाचा लेख आहे, दुसरीशेजारी ‘पेजवाला’, तिसरीशेजारी ‘मीठवाला’. या कृतीत आपण त्यातले पहिले दोन पदार्थ करणार आहोत.

प्रमाण

सुका मका १ किलो, पाणी ३ लिटर, विरवलेला चुना १० ग्रॅम. यातून पावणेदोन किलोच्या आसपास ओलं पीठ निघतं. त्यातलं थोडं पेजेला आणि शिदोरीच्या गोळ्याला काढून उरलेल्यात सारण भरलं की साधारण १०० ग्रॅमचे अठरा-वीस तमाल होतात. पिठाला १५ ते २० ग्रॅम मीठ. सारणाला २०० ग्रॅम काळा घेवडा, १०० ग्रॅम भोपळ्याच्या बिया आणि चवीपुरती सुकी मिरची. बांधायला कणसाची पंचवीस-तीस वाळलेली पानं. रात्री तासभर आणि दुसऱ्या दिवशी यंत्रानं वाटल्यास तीन-चार तास एवढा वेळ धरा. पाट्यावर वाटणार असाल तर अख्खी सकाळ जाईल.

मका हेच मुख्य अन्न असलेल्या माया घरात मोठ्या माणसाला दिवसाला अर्धा किलोच्या आसपास सुका मका लागतो. म्हणजे सहा माणसांच्या घरात वरच्या प्रमाणाच्या अडीच-तीन पट मका रोज, सणवार असो वा नसो. आणि माया घर सहा माणसांवर थांबत नसे. एका अंगणाभोवती दोन-चार झोपड्या, त्यांत आई-बाप, लग्न झालेली मुलं, नातवंडं. लांदाच्या म्हणण्याप्रमाणे जावई लग्नानंतर पाच-सहा वर्षं सासऱ्याच्या घरी राबायचा. शेतात दोन हात वाढायचे, तसं पाट्यावर एका माणसाचं वाटणही वाढायचं.

मका निवडताना

कणसावरच पूर्ण वाळलेला, टणक किंवा दाताच्या आकाराचा मका घ्या. रंग पांढरा, पिवळा, काळा, कुठलाही चालेल. गोड मका चालत नाही, कारण त्यात साखर जास्त आणि स्टार्च कमी, पीठ बांधलंच जात नाही. लाह्यांचा मका शिजायला फार वेळ खातो आणि त्याची साल अडून बसते. पेरणीसाठी विकलेलं बियाणं तर अजिबात घेऊ नका. त्यावर बुरशीनाशकाचा लेप असतो, बहुतेकदा गुलाबी किंवा निळा रंग दिलेला असतो. बुरशी आलेले काळपट, हिरवट दाणे एकेक करून काढा. चुन्यानं बुरशीचं सगळं विष जात नाही. फुटके दाणेही वेगळे करा, कारण ते आधी शिजून लगदा होतात आणि बाकीचे दाणे अजून कच्चेच असतात.

मका दोन वर्षांपेक्षा जुना असेल तर शिजवायच्या वेळेत दहा-पंधरा मिनिटं वाढवावी लागतील.

चुना

सगळी कृती यावर उभी आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

माया प्रदेशाचा बराचसा भाग चुनखडीवरच वसलेला. दगड फोडायचे, लाकडांच्या मोठ्या चितेवर भाजायचे, त्यातून कळीचा चुना निघायचा आणि तो पाण्यात विरवायचा. हाच चुना देवळांच्या भिंतींना लागायचा आणि हाच मक्याच्या भांड्यात पडायचा. चियापासच्या जंगलातले लाकांदोन माया नदीतल्या गोगलगायींचे शंख भाजून चुना करत. हे भाजणं घरी करू नका. कळीचा चुना पाण्यात पडला की उकळी फुटते, तो अंगावर उडाला तर भाजतं आणि डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. आपल्याला हवा तो विरवलेला, खाण्याच्या दर्जाचा चुना: कॅल्शियम हायड्रॉक्साइड. बांधकामाचा किंवा रंगाचा चुना नको, त्यात काय मिसळलेलं असेल याचा भरवसा नाही.

पावडर काट्यावर तोला. चमच्यात ती किती दाबली जाते त्यावर वजन बदलतं. ओला, लोण्यासारखा चुना असेल तर त्यात निम्मं पाणी धरून अंदाजे २० ग्रॅम घ्या.

आता होणारी चूक. बरेच जण साल लवकर सुटावी म्हणून चुना दुप्पट-तिप्पट घालतात. साध्या तापमानाला एक लिटर पाण्यात जेमतेम पावणेदोन ग्रॅम चुना विरघळतो, आणि पाणी तापलं की त्याहून कमी. म्हणजे आपल्या ३ लिटरमध्ये एका वेळी पाच ग्रॅमच्या आसपासच विरघळलेला असतो. बाकीचा तळाशी बसतो आणि मका पाण्यातला चुना शोषेल तसा हळूहळू विरघळत जातो. त्यासाठी १० ग्रॅम पुरतो. त्याहून बराच जास्त घातला तर पाणी अधिक तीव्र होत नाही. जास्तीचा चुना दाण्यांना चिकटून राहतो, पीठ पिवळट-हिरवट होतं आणि जिभेला कडवट साबणासारखं लागतं.

चुना करतो काय? दाण्याची साल ज्या चिवट द्रव्यानं सांधलेली असते ते अल्कलीत सुटतं. स्टार्च थोडा फुगतो आणि वाटल्यावर गोळा बांधला जातो. सुक्या मक्याच्या पिठाला ते जमत नाही, तो गोळा हातातच फुटतो. शिवाय मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व एरवी बांधलेलं असतं, शरीराला मिळत नाही. चुन्यानं ते मोकळं होतं आणि वर कॅल्शियमही मिळतं. मका युरोपात गेला, चुना मागे राहिला. फक्त मक्यावर जगणाऱ्या स्पेनमधल्या गरीब शेतकऱ्यांची कातडी सोलवटून टाकणारा पेलाग्रा हा आजार गास्पार कासाल या वैद्यानं १७३५मध्ये नोंदवला. माया घरांत मका हजारो वर्षं मुख्य अन्न होता आणि हा आजार तिथे असा पसरला नाही. यात चुन्याचा मोठा हात आहे, आणि रोज रात्री तो मोजून घालणाऱ्या बायकांचाही.

शिजवणं आणि मुरवणं

स्टीलचं, मातीचं किंवा इनॅमलचं भांडं घ्या. अॅल्युमिनियम नको, चुना त्याला खातो आणि मका काळा पडतो.

चुना आधी कपभर गार पाण्यात कालवा, मग उरलेल्या पाण्यात ओता. कोरडा चुना थेट गरम पाण्यात टाकला तर गुठळ्या होतात. मका धुऊन घाला आणि आच लावा. दाणे काही मिनिटांतच गडद पिवळे होतात आणि ओल्या मातीसारखा, किंचित खनिज वास सुटतो. तो वास आला म्हणजे चुना काम करतोय. काहीच वास आला नाही तर तुमचा चुना जुना झालाय. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं त्याची पुन्हा चुनखडी होते आणि ती निकामी असते.

उकळी येऊ लागली की आच कमी करा. पाणी नुसतं थरथरत राहिलं पाहिजे. खळाखळा उकळलं तर दाणे बाहेरून फुटतात आणि आतून कडक राहतात. अशा मंद आचेवर ३० ते ४० मिनिटं. दर पाच मिनिटांनी तळापासून ढवळा, नाहीतर चुना खालीच बसून राहील.

तिसाव्या मिनिटाला एक दाणा बाहेर काढा आणि अंगठा-बोटात चोळा. साल ओल्या कागदासारखी सरकली पाहिजे. मग दाणा दातानं तोडून पाहा. मध्ये मोहरीएवढा पांढरा, खडूसारखा ठिपका दिसायला हवा. ठिपका दिसेनासा झाला असेल तर जास्त शिजलं, पीठ डिंकासारखं चिकट होणार. अर्ध्याहून जास्त दाणा पांढरा असेल तर अजून दहा मिनिटं द्या.

आच बंद करा, झाकण घाला आणि भांडं तसंच ८ ते १२ तास ठेवा. ही वाट पाहणं टाळता येत नाही. शिजवताना साल सुटते, पण पाणी आणि चुना दाण्याच्या आतपर्यंत पोचतात ते या तासांत. शिजवायचा वेळ वाढवून मुरवायचा वेळ वाचवायला गेलात तर बाहेर लगदा आणि आत खडा असा मका मिळतो.

ही चूल तीन दगडांची असायची. युकातेक माया या युकातानातल्या भाषेत तिला ‘कोओबेन’ म्हणतात. जगाच्या निर्मितीच्या दिवशी, म्हणजे इ.स.पू. ३११४मध्ये, तीन दगड मांडले गेले असं किरिग्वा या प्राचीन माया शहरातल्या ‘सी’ शिलास्तंभावर कोरलेलं आहे. तो स्तंभ इ.स. ७७५चा. युकातानात लहान मुलाला पहिल्यांदा कमरेवर घ्यायचा विधी असतो, हेट्स मेक. मुलीचा तिसऱ्या महिन्यात करतात कारण चुलीला दगड तीन, मुलाचा चौथ्या महिन्यात कारण शेताला कोपरे चार.

धुणं

सकाळी मका चाळणीत ओता. खाली येणारं पिवळं, बुळबुळीत पाणी फेकून द्या. ते तीव्र अल्कली असतं, झाडांना घालू नका. हाताला चीर किंवा जखम असेल तर हातमोजे घाला.

मका हातांत चोळत धुवा, साल पाण्यावर तरंगेल. दोन, फार तर तीन पाणी पुरे. इथे अतिस्वच्छता नडते. शेवटची साल निघेपर्यंत धूत बसलात तर पिठाला बांधणारा चिकटपणाही पाण्याबरोबर जातो आणि तमाल भुगा होतो. दहा दाण्यांतल्या दोन-तीनांना थोडी साल राहिली तरी चालते. धुतलेला दाणा नुसता चाखून पाहा. किंचित चुन्याची चव असावी, जीभ चुरचुरू नये.

वाटणं

माया बाईच्या दिवसाचे चार-पाच तास इथे जायचे. दळायचं यंत्र गावात येईपर्यंत हे असंच चाललं. पहाटे अंधारात सुरू होणारा दगडावर दगड घासण्याचा आवाज हीच माया गावाची जाग.

युकातेक मायात पाट्याला ‘का’ म्हणतात आणि वरवंट्याला ‘काचा हात’. पाटा वाटणारीकडून पलीकडे उतरता ठेवतात, म्हणजे वाटलेलं पीठ पुढे सरकत पलीकडच्या भांड्यात पडतं. गुडघे टेकायचे, वरवंट्याची दोन्ही टोकं धरायची आणि जोर मनगटांऐवजी खांद्यांतून आणि पाठीतून द्यायचा. पुढे ढकलताना दाब, मागे घेताना सैल. मनगटानं वाटायला गेलात तर दहा मिनिटांत हात थांबेल.

ग्वातेमालाच्या डोंगराळ भागात पाटे छिद्राळ ज्वालामुखी दगडाचे असतात, उत्तरेच्या सपाटीवर बरेचदा चुनखडीचे. चुनखडी मऊ, तिची कच पिठात उतरते आणि वर्षानुवर्षं खाऊन दात झिजतात. नवा पाटा असेल तर त्यावर आधी मूठभर मका वाटून फेकून द्या. पिठात करडी झाक दिसेनाशी होईपर्यंत हे तीन-चार वेळा करा.

एल साल्वादोरमधलं होया दे सेरेन हे गाव इ.स. ६००च्या नंतर काही दशकांत लोमा काल्देरा ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं आणि १९७६मध्ये उजेडात आलं. तिथे पाटे बेचक्यांच्या लाकडी खांबांवर बसवलेले सापडले, म्हणजे जमिनीपासून उंचावर. पाठ दुखत असेल तर तुम्हीही पाटा उंचावर घ्या. ही सोय तेव्हाही होती.

तीन वेळा वाटा. पहिल्यांदा दाणा नुसता फुटतो, दुसऱ्यांदा भरड होते, तिसऱ्यांदा पीठ. तमालाला दोन वेळा चांगलं वाटलेलं चालतं, थोडा रवाळपणा हवाच, त्यानं वाफ आत शिरते. किचे मायांच्या पोपोल वुह या पवित्र ग्रंथामध्ये शमुकाने ही आजी पिवळा आणि पांढरा मका नऊ वेळा वाटते आणि त्यातून पहिली माणसं घडतात. रोज तीन वेळा वाटणाऱ्या बायकांना त्या नऊ वेळांचं वजन नेमकं कळत असणार.

यंत्र वापरायचं तर ओलं दळणारं किंवा हातानं फिरवायची लोखंडी चक्की उत्तम, तीतून दोनदा काढा. पात्यांच्या यंत्रात एका वेळी २५० ग्रॅम, दोन-तीन चमचे पाणी, आणि थांबत थांबत फिरवा. भांडं गरम लागलं की थांबा, कारण पिठातला स्टार्च तिथेच शिजतो आणि पीठ चिकट होतं. कोरडं धान्य दळायच्या गिरणीत हा मका घालू नका, ती चोंदते.

पीठ झालं का ते असं पाहा: लिंबाएवढा गोळा तळहातावर दाबा. कडा फुटल्या तर पाणी कमी, थोडं शिंपडून तिंबा. तळहाताला लेप राहिला तर पाणी जास्त, ओल्या फडक्यावर अर्धा तास पसरून ठेवा.

सारण आणि बांधणी

घेवडा नुसत्या पाण्यात मऊ शिजवा, मीठ शेवटी घाला, पाणी राखून ठेवा. बिया कोरड्या भाजा. तडतडल्या की लगेच उतरवा, करपल्या तर कडू होतात. कुटून घेवड्यात मिसळा, भाजलेली मिरची चुरून घाला. कांदा, लसूण, जिरं, कोथिंबीर यांतलं काहीही त्या चुलीवर नव्हतं. मांसाचं सारण करायचं तर टर्की किंवा मासा. हस्तलिखितांतल्या नैवेद्याच्या ताटल्यांत टर्की, मासा आणि इग्वाना तमालाबरोबर चितारलेले आहेत.

पिठात मीठ आणि घेवड्याचं कोमट पाणी थोडं थोडं घालत दहा मिनिटं तिंबा. चरबी नसल्यामुळे सगळा मऊपणा या तिंबण्यातून आणि ओलाव्यातून येतो, म्हणून पीठ टॉर्टियाच्या पिठापेक्षा सैल हवं, लाटता येणार नाही इतकं. पिठाचा गोळा पाण्यावर तरंगला की तयार, ही खूण इथे लावू नका. ती चरबीच्या पिठाची आहे, हे पीठ बुडणारच.

कणसाची पानं कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. रुंद टोकाकडे ८० ग्रॅम पीठ अर्धा इंच जाड थापा, मध्ये चमचाभर सारण, पानाच्या कडा एकमेकींवर आणा, निमुळतं टोक खाली दुमडा, पानाच्याच पट्टीनं सैल बांधा. घट्ट बांधलं तर पीठ फुगायला जागा मिळत नाही आणि मध्यभाग कच्चा राहतो.

वाफ

भांड्यात तीन इंच पाणी, त्यावर काड्यांची आडवी-उभी जाळी, त्यावर रिकाम्या पानांचा थर. तमाल उघडं टोक वर करून उभे रचा, वर पुन्हा पानं, झाकण. वाफ धरल्यापासून एक तास, तमाल जाड असतील तर सव्वा तास. मधेच पाणी घालावं लागलं तर उकळतं घाला. गार पाण्यानं वाफ मोडते आणि पीठ बसतं ते बसतंच.

पान सोलताना स्वच्छ सुटलं म्हणजे झालं. चिकटलं तर दहा मिनिटं आणखी. उतरवल्यावर पंधरा मिनिटं झाकूनच ठेवा, या वेळात तमाल घट्ट होतो.

लांदाच्या नोंदीप्रमाणे पुरुष जमिनीवर किंवा चटईवर वेगळे बसून जेवत, बायका नंतर. सेरेनमध्ये राख पडली तेव्हा जेवणं झालेली होती, भांडी धुवायची राहिली होती, झोपायच्या चटया अजून उलगडल्या नव्हत्या. घरांत माणसं सापडली नाहीत, ती निसटली असावीत. भांड्यांत मात्र अन्न राहिलं होतं, काहींच्या आत खरकट्यात ओढलेल्या बोटांच्या खुणा आहेत.

पेज आणि शिदोरी

रोजची सकाळ पेजेवर निघायची. १०० ग्रॅम पीठ लिटरभर गार पाण्यात कालवा, गाळा आणि मंद आचेवर पंधरा मिनिटं सतत ढवळा. हात थांबला तर तळाशी धरते. मीठ-मिरची घालून प्या.

शेतावर जाणाऱ्यासाठी जाडं वाटलेल्या पिठाचा मूठभर गोळा पानात बांधून देत. युकातेक भाषेत तो ‘केयेम’. दुपारी तो तुंब्याच्या वाटीत पाण्यात कालवला की पोटही भरतं आणि तहानही भागते. प्रवाशांसाठी मोठे गोळे बांधत, ते आंबट होत पण महिनोनमहिने टिकत असं लांदा लिहितो. तुम्ही मात्र इतके दिवस ठेवू नका. ओलं पीठ गरम हवेत दिवसभरात आंबतं, थंड जागी दोन दिवस राहतं. गुलाबी किंवा काळे ठिपके दिसले तर फेकून द्या.

आणि दुसऱ्या दिवशीही हे जेवण हवं असेल तर मका रात्री निजण्याआधीच चुन्यात घाला. सकाळी घातलात तर तो संध्याकाळशिवाय वाटता येणार नाही.